पत पाहणारे माणगावकर

माणगावकर कुठलाही कारखाना बघायला गेले की आधी मागच्या बाजूला जात. मालक पुढच्या दारात हात जोडून उभा असे, टेबलावर तयार माल ओळीने मांडलेला असे, खुर्ची पुसून ठेवलेली असे, आणि हे गृहस्थ काखेतली छत्री सावरत विचारत, "भंगार कुठे टाकता?" मालक गडबडून जाई. माणगावकर मागे जाऊन ढिगाऱ्यापाशी उकिडवे बसत, दोन-चार तुकडे उचलून उजेडात धरत आणि होते तिथेच परत ठेवत. किती माल फुकट जातो, कशामुळे जातो, हत्यार बोथट आहे की कामगार नवखा, हे त्यांना तिथे कळे. "माल दाखवण्यासाठी मांडतात, सामंतबाई," ते मला म्हणाले होते. "भंगार कोणी मांडून ठेवत नाही."

सामंतबाई म्हणजे मी. फोर्टमधल्या एका विलायती बँकेत मी टायपिस्ट होते आणि माणगावकर ओपिनियन क्लार्क. हे पद आता कुठे ऐकू येत नाही, म्हणून सांगते. बँकेकडे कोणी कर्ज मागितलं, किंवा परदेशातल्या एखाद्या बँकेने मुंबईच्या व्यापाऱ्याबद्दल विचारणा केली, की साहेबांना त्या माणसाबद्दल चार ओळींचं मत लागे: माणूस कसा, धंदा कसा, किती रकमेपर्यंत विश्वास ठेवावा. साहेब लोक दर तीन-चार वर्षांनी बदलत. कोणी कलकत्त्याहून येई, कोणी सिंगापूरला जाई. काळबादेवी कुठली आणि काळाचौकी कुठली हे समजेपर्यंत त्यांची बदली होई. त्यामुळे मुंबईत बँकेचे डोळे आणि पाय म्हणजे माणगावकर. त्यांच्या खात्यात दुसरा माणूस नव्हता.

या रिपोर्टांचे नियम ठरलेले होते. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला ते कधीच कळू द्यायचं नाही. लिहिणाऱ्याची सही करायची नाही, नावही घालायचं नाही. आणि प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी एक ओळ टाकायची: ही माहिती बँकेवर किंवा तिच्या कोणत्याही नोकरावर कसलीही जबाबदारी न ठेवता दिली आहे. ती ओळ मी इतक्यांदा टाइप केली होती की बोटं आपोआप चालत.

माणगावकर अंगाने काटकुळे. काळा अल्पाकाचा कोट, पांढरी पँट, डोक्यावर काळी टोपी, हे त्या काळच्या कुठल्याही कारकुनासारखंच. बूट मात्र जाड तळाचे. वर्षातून दोनदा ते तळ बदलून घेत. त्याचा खर्च बँकेने द्यावा, कारण तळ बँकेच्या कामात झिजतात, असा अर्ज त्यांनी एकदा केला होता. आख्ख्या हॉलमध्ये त्याची थट्टा झाली. साहेबांनी अर्ज मंजूर केला.

ट्रामने जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि पुढे पायी. पार्टीकडे, म्हणजे कर्ज मागणाऱ्याकडे, चहा घ्यायचा नाही. कारखान्यासमोरच्या चहावाल्याकडे मात्र स्वतःचा आणा टाकून घ्यायचा आणि सहज विचारायचं, "समोर आजकाल किती कप जातात?" त्यांचं म्हणणं होतं की मालक बुडणार हे त्याच्या बायकोच्या आधी चहावाल्याला समजतं. कामगारांचा चहा पहिला बंद होतो.

मजकूर सांगताना ते माझ्या टेबलाशी उभे राहत. बसा म्हटलं तरी बसत नसत. पहिल्याच आठवड्यात मी आधीच्या नोकरीतल्या सवयीने एका वाक्याच्या सुरुवातीला 'असे समजते की' असं काहीतरी घातलं. त्यांनी कागद यंत्रातूनच वाचला.

"कोणाला समजतं, बाई?"

"म्हणजे... तशी पद्धत असते ना लिहायची."

"मी गेलो होतो की नव्हतो?"

"गेला होतात."

"मग समजतं कशाला? दिसलं म्हणून लिहा. दिसलं नसेल तर ओळच नको."

मला हे आवडलं. मी स्वतः याद्या करणारी बाई आहे; वाण्याची यादी, दुरुस्तीची यादी, कोणाला पत्र लिहायचं राहिलं त्याची यादी. पण माणगावकरांच्या वहीच्या शेवटच्या पानावर जी यादी होती तशी मला कधी करता आली नाही. तिथे त्यांची चुकलेली मतं होती. मी नोकरीला लागले तेव्हा सहा होती, माझ्यादेखत सातवं पडलं. पायधुणीच्या एका व्यापाऱ्याबद्दल त्यांनी चांगलं लिहिलं आणि तो वर्षभरात गाशा गुंडाळून गेला. माणगावकरांनी वही काढली, नाव लिहिलं, पुढे कारण लिहिलं. मी विचारलं, "काय चुकलं?"

"त्याचा नम्रपणा आवडला मला. तो आवडून घ्यायला बँक मला पगार देत नाही."

बँकेबद्दल त्यांना वाईट बोलताना मी कधी ऐकलं नाही. आमच्या बँकेत कोणाला आडनावावरून नोकरी मिळाली नाही की नाकारली गेली नाही. मी बाई असून मला पुरुष टायपिस्टाइतकाच पगार होता. कागद जिथला तिथे लागे, पत्राला उत्तर तिसऱ्या दिवशी जाई. ही शिस्त साहेबांकडून शिकावी, असं माणगावकर उघड म्हणत. पण त्यांचं दुसरंही एक म्हणणं होतं, आणि ते मला वरळी कोळीवाड्याच्या जानकीबाईमुळे कळलं.

जानकीबाई सुकी मासळी बाहेर पाठवायची, रंगूनकडे. मधला दलाल तिचे पैसे चार-चार महिने अडकवून ठेवी. बोटीवर माल चढल्याच्या कागदावर बँक लगेच पैसे देते, हे तिने कुठूनतरी ऐकलं आणि नातवाकडून अर्ज लिहून पाठवला. माणगावकर बघायला गेले. बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांखालून वाकून जाताना त्यांचा हात नाकाकडे गेला असावा. मागून आवाज आला, "काय रं दादा, पत बघाला आयलास का वास घेवाला?"

माणगावकर हा प्रसंग सांगताना स्वतःच हसत. "मी हात खाली घेतला," ते म्हणत, "आणि पुढे तासभर वर नेला नाही." त्यांनी तिची टोपल्या मोजायची रीत पाहिली, खराब मासळी कुठे टाकते ते पाहिलं, शेजारणींना विचारलं आणि लिहिलं: बाई चोख आहे. साहेबांनी रिपोर्ट वाचून एकच गोष्ट विचारली: या पेढीचा छापील लेटरहेड का नाही? छापील कागद नसलेली पेढी लंडनला कशी दाखवायची?

माणगावकर पुन्हा वरळीला गेले. "बाई, तुमच्या नावाचा एक छापील कागद करा."

"कागदाव काय मासा छापू?"

"छापा."

तिने खरंच छापला. गिरगावातल्या छापखान्यातून कागद आला. वर निळ्या शाईत पापलेट, खाली 'जानकीबाई आणि कंपनी'. कंपनी म्हणजे दोन सुना. साहेबांनी कागद उजेडात धरून पाहिला आणि अर्ज मंजूर केला. त्या मोसमापासून जानकीबाईचे पैसे बोट सुटल्यावर आठवड्यात तिच्या हातात येऊ लागले. दलाल एकदा माणगावकरांना शिव्या द्यायला बँकेच्या पायरीपर्यंत येऊन गेला.

मी म्हटलं, "आपल्या बँकेने किती चांगलं केलं!"

"केलं," माणगावकर म्हणाले. "कारण तिची मासळी बोटीत चढते. हीच बाई भायखळ्याला मासळी विकत असती तर तिने कागदावर देवमासा छापला असता तरी उपयोग नव्हता. आपली बँक बंदराकडे तोंड करून बसलीय, बाई. आपल्याला दिसते ती तिची पाठ."

हे मी टाइप करत असलेल्या कागदांवरूनही मला दिसू लागलं. बाहेरून माल आणणाऱ्याला कर्ज, बाहेर माल पाठवणाऱ्याला कर्ज. इथेच करून इथेच विकणाऱ्याचा अर्ज मात्र फाईलमध्ये जाई आणि वर सुतळी बांधली जाई. अशी एक सुतळी सोडवायला माणगावकरांना दोन वर्षं लागली. ती धोंडू परबांची.

परब मूळचे मालवणकडचे. लालबागला एका चाळीमागच्या शेडमध्ये त्यांचा कारखाना होता. कापडगिरण्यांत मागावर आडवा धावतो तो लाकडी धोटा आणि सूत गुंडाळायच्या बॉबिनी, हे ते बनवत. आधी हा माल विलायतेहून येई, आणि तो आणणाऱ्या कंपन्या आमच्याच बँकेच्या जुन्या पार्ट्या होत्या. तोच धोटा परब लालबागला बनवत आणि पुष्कळ स्वस्त देत. अडचण एकच. चांगलं लाकूड रोखीने घ्यावं लागे आणि गिरणी तीन महिन्यांनी पैसे देई. मधले तीन महिने निघण्यासाठी बँकेकडून लिमिट हवं, म्हणजे लागेल तेव्हा ठरावीक रकमेपर्यंत उचल करता यावी. ते नसेल तर लाकूड नाही, आणि लाकूड नसेल तर अठ्ठावीस माणसं घरी.

माणगावकर दोन वर्षांत तिथे सात वेळा गेले. भंगाराचा ढीग दर खेपेला लहान होत गेला, असं त्यांनी लिहिलं आहे. ते वाक्य मीच टाइप केलं. शेवटी त्या वेळचे मॅनेजर प्रिचर्ड साहेब तयार झाले. प्रिचर्ड साहेब चांगला माणूस होता, मोजकं बोलणारा. त्यांनी परबांसारख्या दहा-अकरा छोट्या कारखान्यांना माणगावकरांच्या शब्दावर लिमिटं दिली. परळ, लालबाग, घोडपदेव या भागात विलायती बँकेचा पैसा त्या वेळी पहिल्यांदा पोचला.

आणि त्याच सुमाराला मुंबई कोणाची हा प्रश्न पेटला.

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना वर्णन नको. सभा, मोर्चे, हरताळ. आणि आमच्याच वस्त्यांत झालेले पोलिसांचे गोळीबार. सकाळी चाळीत ज्याच्याशी बोललो तो संध्याकाळी घरी येईलच याची खात्री नव्हती. बँकेत मात्र हा विषय वेगळ्या भाषेत चाले. मुंबई महाराष्ट्रात गेली तर भांडवल मुंबईत राहील का, अशी पत्रं लंडनहून येत आणि त्यांची उत्तरं मी टाइप करत असे. टाइप करताना मान वर करायची नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

माणगावकर हापिसात या विषयावर अक्षर बोलत नसत. पण हरताळाच्या दिवशी ते येत नसत, आणि रजेच्या अर्जात कारण लिहीत: हरताळ. बाकी सगळ्यांची त्या दिवशी पोटं दुखत. एकदा प्रिचर्ड साहेबांनी त्यांना आत बोलावलं. मी आत शॉर्टहँड घेत बसले होते.

"माणगावकर, इतर चौतीस जण आजारी होते. तुम्हालाही आजारी पडता आलं असतं."

"आलं असतं, सर. पण मग माझ्या रिपोर्टावर तुम्ही विश्वास कसा ठेवणार?"

साहेबांनी अर्जावर सही केली. मला वाटतं त्यांना हसू आलं होतं.

पुढच्या हरताळाला मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. लंडनहून एक तपासनीस साहेब आले होते. मुंबईतली कर्जं किती सुरक्षित आहेत ते बघायचं आणि परत जायचं, एवढंच त्यांचं काम. त्यांच्या मुक्कामातच हरताळ आला. दंगल नव्हती, दगड नव्हते, नुसता कडकडीत बंद. हापिसात चिटपाखरू नाही. दिवस फुकट कशाला घालवायचा म्हणून तपासनीस साहेब बँकेची मोटार आणि अकरा पत्त्यांचा कागद घेऊन स्वतः निघाले. ड्रायव्हर गुरखा, त्याला इंग्रजी चारच शब्द येत. बरोबर जायला हवे होते ते माणगावकर हरताळ पाळून घरी बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलावर टाइप करायला कागद आला. अकरा कारखान्यांची नावं आणि प्रत्येकापुढे तोच शेरा: जागा बंद आढळली, काम चालू नाही, चौकशीसाठी कोणीही उपलब्ध नाही. खाली शिफारस: सर्व लिमिटं रद्द करावीत.

माझी बोटं थांबली. गोपनीय कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही हा नियम मलाही लागू होता. पण माणगावकरांचं खातंच हे. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी अकराही नावांवरून बोट फिरवलं.

"हे कुठल्या दिवशी पाहिलं?"

"काल."

"काल?" ते खुर्चीवर बसले. हापिसात कोणाच्या समोर त्यांना बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "अहो, काल अख्ख्या मुंबईला कुलूप होतं! यांना दुकान बंद आणि धंदा बंद यांतला फरक कोणी सांगायचा?" मग हळू आवाजात, "मीच सांगायला हवा होता. मी घरी होतो."

ते आत गेले तेव्हा मीही वही घेऊन मागोमाग गेले. तपासनीस साहेब खिडकीशी उभे होते. माणगावकरांनी शांतपणे सगळं सांगितलं. ते साहेब वळलेही नाहीत. म्हणाले, "कुलूप कशासाठी लावलं हे लंडन विचारत नाही. जे लोक राजकारणासाठी कारखाना बंद ठेवतात, त्यांना पैसे द्यावेत का, हा माझा प्रश्न आहे."

प्रिचर्ड साहेबांनी मधला मार्ग काढला. माणगावकरांनी चार दिवसांत अकराही ठिकाणी पुन्हा जाऊन नवे रिपोर्ट द्यावेत, तोवर शिफारस थांबेल. मग ते क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "एक विचारू का, माणगावकर? राग मानू नका. हे रिपोर्ट बँकेचा माणूस लिहील की महाराष्ट्राचा?"

मी माणगावकरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आवाज ऐकला. "दोन्ही एकच माणूस आहे, सर. वाचून ठरवा."

चार दिवस ते हापिसात आले नाहीत. पाचव्या दिवशी आले ते थेट माझ्या टेबलाशी, बुटांवर चिखल आणि हातात अकरा चिठ्ठ्या. उभ्याने सांगू लागले. आठ कारखाने चांगले. तीन वाईट. वाइटांतलं तिसरं नाव सांगितलं तेव्हा मी थांबले. तो घोडपदेवचा मालक चळवळीला सढळ हाताने मदत करायचा, गिरगावातही लोक त्याचं नाव घेत.

"हाही वाईट?"

"कामगारांना दोन महिने पगार नाही. लिहा."

"पण लोक काय म्हणतील?"

"लोकांनी भंगार पाहिलेलं नाही."

परबांचा रिपोर्ट सगळ्यांत शेवटी. काम चालू आहे, लाकूड पाच आठवड्यांचं शिल्लक आहे, गिरणीकडून माल परत आलेला नाही, हरताळाचा बुडालेला दिवस पुढच्या रविवारी भरून काढला. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या ओळीकडे वळले. माझी बोटं निघालीच होती.

"ती ओळ नको, बाई."

"कुठली?"

"जबाबदारी न ठेवता. ती आठ रिपोर्टांतून काढा. त्या जागी माझं पूर्ण नाव घाला आणि खाली सहीला जागा सोडा."

"माणगावकर, नियम..."

"त्यांनी विचारलंय लिहिणारा माणूस कोण. मग नाव नको का?"

मी घातलं. त्यांनी आठ सह्या केल्या, शाई वाळेपर्यंत थांबले आणि कागद आत नेले. बँकेच्या इतक्या वर्षांत सही असलेले ओपिनियन रिपोर्ट तेवढेच असावेत.

लंडनचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. ते मी फोडलं, मीच पहिलं वाचलं. तीन वाईट म्हटलेली लिमिटं तत्काळ रद्द. चांगल्या म्हटलेल्या आठ जणांना सहा महिन्यांची मुदत, त्यानंतर तीही बंद. तो भाग अस्थिर आहे, आणि लंडनच्या दृष्टीने भाग बघायचा असतो, माणूस नाही. शब्द वेगळे होते, अर्थ हाच. आणि यापुढे ओपिनियन खातं विलायतेहून आलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावं. माणगावकरांची रवानगी तळमजल्यावरच्या जुन्या कागदांच्या खोलीत झाली. त्यांच्या निवृत्तीला पाच महिने राहिले होते.

प्रिचर्ड साहेब स्वतः खाली त्यांच्या खोलीत जाऊन आले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी साहेब जेवायला बाहेर पडले नाहीत.

परबांना पत्र गेलं तेव्हा ते धावत आले. मला आठवतं, धोतराला लाकडाचा भुसा लागलेला होता. शिपाई वर सोडेना, म्हणून ते जिन्याशीच माणगावकरांना भेटले. मी वरून उतरत होते.

"साहेबानू, माका काय ता खरा सांगा. माझी काय चूक झाली?"

"काही नाही."

"मगे ह्यां कित्याक?"

कारण माणगावकरांना सांगता येत नव्हतं. लंडनचं पत्र गोपनीय होतं.

परब म्हणाले, गिरगावात आपल्या लोकांची एक सहकारी बँक आहे. ती कर्ज देईलही, पण ती विचारते, विलायती बँकेने का काढून टाकलं? "तुमी माझ्याबद्दल बरां लिवलात ह्यां माका ठाऊक आसा. तुमच्या हातचो येक कागद देवा. येकच."

मला वाटलं, देतील. माझ्याकडे त्या रिपोर्टाची कार्बन प्रत होती, मागितली असती तर मी काढूनही दिली असती. माणगावकर म्हणाले, "तो कागद माझा नाही, परब. बँकेचा आहे." आणि खोलीत गेले. परब जिन्याच्या कठड्याला धरून बराच वेळ उभे होते. मला माणगावकरांचा तेव्हा राग आला होता, हे कबूल करते.

पाच महिन्यांनी ते निवृत्त झाले. हार, नारळ, घड्याळ, दोन भाषणं. शेवटच्या दिवशी त्यांनी किल्ल्या मला मोजून दिल्या आणि पोच घेतली. परबांची मुदत संपायला तेव्हा महिना उरला होता.

मला गोष्ट लटकत ठेवायला आवडत नाही, म्हणून निकाल आधी सांगून टाकते. परबांना सहकारी बँकेकडून कर्ज मिळालं. मुदतीला नऊ दिवस शिल्लक असताना मिळालं. बाकीच्या सातांपैकी चौघांची सोय कुठे ना कुठे लागली, तिघांनी शेड विकल्या. त्यांपैकी एकाच्या शेडमध्ये विलायती धोटे आणणाऱ्या कंपनीने आपलं गोदाम केलं. परबांचं कर्ज मात्र कसं मिळालं ते मी डोळ्यांनी पाहिलं.

तो शनिवार होता. आमची बँक अर्धा दिवस, सहकारी बँक तासभर जास्त उघडी असे. माझं खातं तिथे होतं. मी आत गेले तर गर्दी फारशी नव्हती. मॅनेजरची केबिन म्हणजे लाकडी फळ्यांचा आडोसा, दार उघडं. आत परब खुर्चीच्या कडेवर बसले होते, मॅनेजर त्यांचा अर्ज उलटून पालटून बघत होते. त्यांचा आवाज बाहेर येत होता.

"तुम्ही सगळं सांगता ते ठीक आहे हो, परब. पण गोऱ्या बँकेने उगीच का काढलं असेल? तिथला एखादा माणूस आहे का सांगणारा?"

"सांगणारो नाय," परब म्हणाले. "बरोबर इलेलो आसा."

मॅनेजरनी मान वर केली आणि दारातून बाहेर पाहिलं. मीही तिकडे पाहिलं. समोर भिंतीशी बाक होता. त्यावर माणगावकर बसले होते. अल्पाकाचा कोट, टोपी, छत्री गुडघ्यांमध्ये उभी. बाकाच्या दुसऱ्या टोकाला पंखा होता. ते मात्र उकाड्यात, केबिनच्या दारातून सरळ दिसेल अशा बरोबर त्या जागी बसले होते. हातात कागद नव्हता. मॅनेजरशी नजरानजर झाली तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, मानही हलवली नाही.

गिरगावातल्या बँकेत बसून विलायती बँकेचे माणगावकर कोण हे ज्याला माहीत नाही, असा मॅनेजर असणं शक्य नव्हतं. ते अर्जाकडे वळले, पुन्हा बाहेर बघितलं, पुन्हा अर्जाकडे.

मी पासबुक पिशवीत टाकून बाकापाशी गेले. तीन आठवड्यांनी दिसत होते, म्हणून विचारलं, "माणगावकर, बरे आहात ना? इकडे कुठे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. केबिनच्या दाराकडे नजर तशीच ठेवून, ओठ फारसे न हलवता म्हणाले, "आत्ता नको, सामंतबाई. जरा बाजूला व्हा. मी कामावर आहे."